ह्यूस्टन की बर्मिंगहॅम? आधी घरातलं मशीन बघा

प्रश्न: मी कोथरूडला राहते, वय ५४. उषा जानोमे मशीनवर काही वर्षं गोधड्या आणि क्विल्ट शिवते, महिन्याला दोन-तीन ऑर्डरी असतात. सरळ शिलाई जमते, पण फ्री-मोशन (कापड हातांनी हवं तसं फिरवून शिवणं) करताना गोलाई आली की मागच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसतात. आयुष्यात एकदा तरी मोठ्या मशीन क्विल्टिंग शोला जायचं असं ठरवलंय. मुलगी डॅलसला असते, अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. ह्यूस्टन, पडूका, एमक्यूएक्स आणि बर्मिंगहॅम अशी चार नावं ऐकली आहेत. मैत्रीण म्हणते एवढ्या लांब कशाला, मुंबईत मशिनरीची प्रदर्शनं भरतात ती बघ. मला शिकायचं आहे, जमलं तर येताना लाँगआर्म मशीनही आणायचं आहे, आणि सोबत नेलेल्या चार गोधड्या तिकडे विकल्या गेल्या तर तिकिटाचे थोडे पैसे सुटतील. बजेट तीन लाख. कुठे जाऊ?

उत्तर: ह्यूस्टनला जा. वर्ग एकच घ्या, पण पूर्ण दिवसाचा. लाँगआर्म आणू नका आणि गोधड्या विकायला नेऊ नका. मागच्या बाजूच्या फासांचा बंदोबस्त मात्र कोथरूडमध्येच करून निघा. त्यासाठी डॉलर मोजायची गरज नाही.

आता कारणं. शोचं नाव किती मोठं यावर निवड केली की बहुतेक जण फसतात. निवड करायची ती घरी कोणतं मशीन आहे त्यावर. तुमच्या मशीनवर सुई जागच्या जागी खालीवर होते आणि कापड तुम्ही हातांनी सरकवता. लाँगआर्मवर नेमकं उलटं असतं: क्विल्ट फ्रेमच्या रुळांवर ताणून बसवलेली असते आणि अख्खं मशीन हँडल धरून फिरवायचं असतं. हाताची सवय वेगळी, उभं राहण्याची पद्धत वेगळी, चुकाही वेगळ्या. एमक्यूएक्स, म्हणजे मशीन क्विल्टर्स एक्स्पोझिशन, हा अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला शो नावाप्रमाणे मशीनवाल्यांचाच आहे, पण तो उभा राहिला लाँगआर्मवर दुसऱ्यांच्या क्विल्ट शिवून देणाऱ्यांच्या जोरावर. घरगुती मशीनचे वर्गही तिथे असतात, तरी शोचा जीव फ्रेमवर आहे. पॅन्टोग्राफचा, म्हणजे गिरवायच्या नक्षीचा, कागद लावून कडेपासून कडेपर्यंत नक्षी कशी न्यायची, फ्रेमवर क्विल्ट तिरकी का चढते, गिऱ्हाइकाची लाटा आलेली किनार कशी आवळून घ्यायची, हे तिथे उत्तम शिकायला मिळेल. पण पुण्यात परत आल्यावर हे कशावर करणार? पुढेमागे फ्रेम घेतलीत तर एमक्यूएक्स यादीत पहिला ठेवा. आज नको.

मैत्रिणीचा सल्ला वेगळ्याच धंद्याचा आहे. भारतातली मशिनरी प्रदर्शनं, म्हणजे गार्टेक्स टेक्सप्रोसेस किंवा चार वर्षांनी एकदा होणारं इंडिया आयटीएमई (ते २०१६ मध्ये गोरेगावला भरलं होतं, २०२२ मध्ये ग्रेटर नोएडाला), कारखान्यांसाठी असतात. तिथे 'क्विल्टिंग मशीन' म्हटलं की मल्टि-नीडल मशीन दाखवतात: अंथरुणाएवढ्या पन्ह्यावर एका वेळी डझनावारी सुया चालतात आणि गादीचं कव्हर, जॅकेटचं अस्तर किंवा रजईचं कापड ताग्यामागून तागा डायमंड पॅटर्नमध्ये बाहेर पडतं. रोज शेकड्याने मीटर लागणाऱ्याला ते ठीक. एकेक गोधडी वेगळी करणाऱ्याला तिथे बघण्यासारखं म्हणजे दोऱ्याचे आणि सुयांचे स्टॉल, आणि फार तर ज्यूकीसारख्या कंपन्यांची सरळ टाक्याची मशीनं. मुंबईत असलंच तर सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत या, पण क्विल्ट शो म्हणून त्याचा हिशेब धरू नका.

पडूकाबद्दल आदर राखून सांगावं लागतं, की तिथे जाणं तुमच्यासाठी गैरसोयीचं आहे. केंटकी राज्यातलं हे छोटं गाव क्विल्टवाल्यांची पंढरी समजतात, आणि ते खरंही आहे. अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचा शो तिथे १९८५ पासून भरतो, १९९१ पासून राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय तिथेच आहे. मशीनवाल्यांना या शोचं एक ऋणही आहे. १९८९ मध्ये कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनने क्विल्ट केलेल्या कामाला तिथे सर्वोच्च बक्षीस मिळालं. तोवर तो मान हाताच्या टाक्याचाच असायचा, आणि त्या निकालावर बरीच आदळआपट झाली. आता तिथल्या स्पर्धेत स्टेशनरी आणि मूव्हेबल असे मशीनचे वेगळे गट असतात: पहिल्यात कापड फिरतं, दुसऱ्यात मशीन. पण एप्रिलमधल्या त्या आठवड्यात गावातल्या खोल्या फार आधी भरलेल्या असतात, मोठा विमानतळ म्हणजे नॅशव्हिल, तिथून गाडीने दोनेक तास. स्वतः गाडी न चालवणाऱ्या माणसाला तिथे एकट्याने जमवणं कठीण. मुलगी गाडी घेऊन चार दिवस सोबत येणार असेल तर विचार बदला.

बर्मिंगहॅमचा फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स सोयीच्या बाबतीत सगळ्यांत सरस. २००३ पासून एनईसी या प्रदर्शन केंद्रात भरतो, अलीकडे बहुधा जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, आणि ते केंद्र बर्मिंगहॅम विमानतळाला आणि बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशनला लागूनच आहे. सामान ओढत पायी जाता येतं. युरोपातलं काम बघायला मिळतं, त्यात कापडावर चित्रासारखं केलेलं आर्ट क्विल्टिंग फार. अमेरिकेचा व्हिसा नसता तर हेच नाव सुचवलं असतं. तुम्हाला मात्र ब्रिटनचा व्हिसा नव्याने काढावा लागेल, सगळे दिवस हॉटेलातच राहावं लागेल, आणि वर्गात काही अडलं तर शो संपल्यावर घरी जाऊन परत मशीनवर बसायची सोय नाही. डॅलसला मुलीकडे ती आहे.

म्हणून ह्यूस्टन. इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल १९७४ मध्ये तिथे सुरू झाला, जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतो, आणि चारही गोष्टी तिथे एका छताखाली आहेत: स्पर्धेतल्या क्विल्ट, वर्ग, दुकानं, आणि सगळ्या मोठ्या कंपन्यांची चालवून बघता येणारी मशीनं. डॅलसहून ह्यूस्टन सुमारे ३८५ किलोमीटर, बसने चार-पाच तास, विमानाने तासभर. नावात एक गोंधळ होतो तो टाळा. त्याच आयोजकांचं क्विल्ट मार्केट फक्त व्यापाऱ्यांसाठी असतं, तिथे साध्या प्रेक्षकाला प्रवेश नाही. तिकीट फेस्टिव्हलचं घ्यायचं.

तारीख हा आपल्याकडच्या बायकांचा खरा अडसर. शो ऑक्टोबर ते नोव्हेंबरची सुरुवात या पट्ट्यात येतो, म्हणजे दिवाळीच्या आसपास. २०२४ मध्ये तर शो आणि लक्ष्मीपूजन एकाच आठवड्यात आले होते. ऑर्डरींचा हंगामही तोच. तेव्हा तारखा जाहीर झाल्या की आधी कालनिर्णय उघडा. दिवाळी आधी आणि शो नंतर असं वर्ष सोयीचं: ऑर्डरी हातावेगळ्या करून निघता येतं. उलटं असेल तर सप्टेंबरनंतर नवी ऑर्डर घेऊ नका.

आता वर्ग. पैसे खरे वसूल होतात ते इथे, आणि वायाही इथेच जातात.

वर्गांची यादी शोच्या काही महिने आधी लागते, आपल्याकडे तेव्हा पावसाळा सुरू असतो. नावाजलेल्या शिक्षकांचे वर्ग नोंदणी उघडल्याच्या दिवशीच भरू शकतात, म्हणून पहिली पसंती ठरवताना दुसरी आणि तिसरीही कागदावर लिहून ठेवा. वर्गाचं नाव बघून भुलू नका, खालची बारीक अक्षरं वाचा. 'डोमेस्टिक' लिहिलं असेल तर तुमच्या कामाचा. 'सिट-डाउन' म्हणजे लांब हाताचं पण टेबलात बसवलेलं मशीन. त्यावरही कापडच फिरवायचं असतं, म्हणून तोही चालेल. 'लाँगआर्म', 'फ्रेम' किंवा 'मूव्हेबल' दिसलं की पान उलटा. तीन तासांचे तीन वर्ग घेण्यापेक्षा सहा तासांचा एक घ्या. तीन तासांच्या वर्गात अनोळखी मशीनशी जमवून घेण्यात पहिला पाऊण तास जातो, शेवटची वीस मिनिटं आवराआवर, आणि मध्ये हात बसेपर्यंत वेळ संपते.

मशीन बरोबर न्यायचं नाही. मशीनच्या वर्गांमध्ये कंपन्या वर्गखोलीत स्वतःची मशीनं लावतात. पण साहित्याची यादी वेगळी असते आणि किटचे पैसे बहुधा फीव्यतिरिक्त. यादीत 'प्रीपेअर्ड सँडविच' असेल तर वरचं कापड, बॅटिंग (मधला भरावाचा थर) आणि अस्तर असे तीन थर टाचून तयार करून न्यायचे असतात. ते करून गेला नाहीत तर इतर जणी शिवत असताना तुम्ही सेफ्टी पिना लावत बसाल. डॅलसला दोन दिवस आधी पोचा आणि ही तयारी तिथे करा. बॅटिंग पुण्याहून नेलं तर अर्धी बॅग त्यातच जाईल. वर्ग पोचल्यानंतर तिसऱ्या दिवशी किंवा पुढे असू द्या. पुणे आणि टेक्सासच्या घड्याळात ऑक्टोबरमध्ये साडेदहा तासांचा फरक असतो, आणि दुपारी दोनला डोळे मिटत असताना सुईखाली बोटं फिरवणं धोक्याचं.

सोबत एक गोष्ट जरूर न्या, यादीत नसली तरी. जुन्या सुती साड्यांच्या पाच-सहा थरांचे, बारा इंच बाय बारा इंचाचे तीन तुकडे. तिकडच्या शिक्षकांना तीन थर आणि मध्ये बॅटिंग एवढंच ठाऊक असतं. आपल्या गोधडीत बॅटिंग नसतं, थर जास्त असतात, आणि धुऊन धुऊन मऊ झालेली साडी खालच्या थरावर घसरते, म्हणून मागे चुण्या पडतात. मधल्या सुटीत तुकडा पुढे करा आणि विचारा: सुई कोणती, प्रेसर फूटचा (कापड दाबून धरणाऱ्या पायाचा) दाब किती, टाका किती लांब. ९०/१४ ऐवजी १००/१६ सुई, टाका इंचाला आठ-नऊ, आणि बाहेरून आत न जाता मधून बाहेर, हे उत्तर बहुतेक मिळेल. पण तुमच्या डोळ्यांसमोर तुमच्या कापडावर करून दाखवलं की दाबाचा अंदाज हाताला कळतो. यूट्यूबवर हे मिळत नाही.

फासांचं बोलायचं राहिलं. मागे फास फक्त गोलाईवर येत असतील तर दोष मशीनचा नाही. वळणावर हात नकळत जोर करतात आणि सुईच्या पुढे जातात, वरचा दोरा खाली ओढला जातो. पायाचा वेग वाढवा, हातांचा कमी करा, आणि वरचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) अर्ध्या-अर्ध्या आकड्याने आवळत बघा. फास सरळ रेघेवरही येत असतील तर दोरा काढून पुन्हा ओवा, आणि ओवताना प्रेसर फूट वर असू द्या. तो खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, मग आकडा कितीही फिरवा. शिलाई सुरू करताच खाली दोऱ्याचा गुंता होत असेल तर बहुतेक वेळा प्रेसर फूटची दांडी खाली करायची राहिलेली असते. फ्री-मोशनला लावतात तो डार्निंग फूट वर असतानाही कापडाला टेकल्यासारखा दिसतो, त्यामुळे कळत नाही. फीड डॉग (कापड पुढे ढकलणारे खालचे दाते) खाली घेतलेत ना, हेही बघा. तुमच्या मॉडेलला ते खाली जात नसतील तर सोबत आलेली झाकणपट्टी बसवा. वरखाली दोन वेगळ्या रंगांचे दोरे लावून बारा इंची तुकड्यांवर अर्ध्या इंचाचे इंग्रजी आठ काढत राहा. वरचा रंग खाली आणि खालचा वर ठिपक्याएवढाही दिसेनासा झाला की तुम्ही वर्गाला तयार आहात. हे न करता गेलात तर सहा तासांतले चार शिक्षक तुम्हाला हेच सांगण्यात घालवतील.

मशीन आणण्याचा बेत सोडा, पण मशीनं चालवून बघण्याचा अजिबात सोडू नका.

न आणण्याची कारणं विजेपासून सुरू होतात. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. तिथे विकली जाणारी कितीतरी घरगुती मशीनं फक्त १२० वर चालतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही. त्यात वॉरंटी ज्या देशात घेतली तिथलीच धरतात, आणि बोर्ड गेला तर रविवार पेठेतला मेकॅनिक त्याला हात लावणार नाही. वर कस्टम ड्युटी. हे झालं छोट्या मशीनचं. लाँगआर्मचं नुसतं डोकंच वीस किलोच्या आसपास किंवा जास्त, आणि बारा फुटी फ्रेमला लांबीत बारा फूट, खोलीत पाचेक फूट, शिवाय दोन्ही बाजूंनी माणूस फिरेल एवढी जागा. कोथरूडच्या दोन बेडरूमच्या घरात दहा बाय अकराच्या खोलीत ती बसत नाही, हॉलमध्ये बसली तर सोफा बाहेर काढावा लागेल. लहान, पाच-आठ फुटी फ्रेमही निघाल्या आहेत, पण त्यांवर क्विल्ट सतत सोडून पुन्हा लावावी लागते, आणि महिन्याला दोन-तीन गोधड्यांसाठी तो उपद्व्याप परवडत नाही.

दुकानदार 'अठरा इंची' म्हणेल तेव्हा हेही लक्षात असू द्या: अठरा इंच म्हणजे सुईपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर. फ्रेमवर शिवून झालेली क्विल्ट त्याच जागेत गुंडाळली जाते, म्हणून हाताला प्रत्यक्षात तेरा-चौदा इंच मिळतात, आणि गुंडाळी जाड होत जाईल तसे तेही कमी होतात.

तुमच्या कामाला खरा उपयोग होईल तो सरळ टाक्याच्या, जरा लांब हाताच्या घरगुती मशीनचा. साध्या मशीनला हाताखाली साडेसहा इंचांच्या आसपास जागा असते, ज्यूकीच्या टीएल मालिकेतल्या मशीनला साडेआठ. दोन इंचांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण डबल बेडची गोधडी गुंडाळून आत सारायची असते तेव्हा सगळी ओढाताण त्या दोन इंचांसाठीच चालते. असं मशीन भारतात, भारताच्या विजेवर चालणारं, भारतातल्या वॉरंटीसह घ्यावं. ह्यूस्टनला जायचं ते कोणतं घ्यावं हे ठरवायला.

चालवून बघताना स्टॉलवर ठेवलेल्या तुकड्यावर शिवू नका. तो मशीनला मानवणारा, जाड बॅटिंगचा, निवडून ठेवलेला असतो. स्वतःचा साडीचा तुकडा काढा आणि स्वतःचा दोरा ओवायला सांगा. छोटे आठ काढा. एक टोक काढून तिथेच क्षणभर थांबा: स्टिच रेग्युलेटर (हाताच्या वेगाप्रमाणे टाका सारखा ठेवणारी सोय) असलेलं मशीन थांबल्यावर त्याच भोकात टाके साठवतं का ते बघा, कारण काही मोडमध्ये सुई चालूच राहते आणि टोकावर गाठ उठते. मग हळू आणि झपाट्याने एकेक रेघ मारून टाक्याची लांबी ताडून पाहा. शेवटी तुकडा उलटा करा. विक्रेता वरची बाजू दाखवेल, तुम्ही खालची बघा. बॉबिन कोणत्या मापाचं लागतं आणि ते भारतात मिळतं का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा.

खरेदीत बॅटिंग घेऊ नका, कापड मोजकं घ्या. कापडाला पुण्यात कापडगंज आहे, लक्ष्मी रोड आहे. ओझं करून आणण्यासारखं फार काही नाही. सुया आणि चांगला पन्नास वजनाचा (दोऱ्याच्या जाडीचं माप, '५० वेट') सुती दोरा जरूर घ्या, तो धूळ कमी सोडतो. रूलरच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. नक्षीसाठी सुईशेजारी धरायच्या ॲक्रिलिकच्या पट्ट्या वेगवेगळ्या जाडींत मिळतात: लाँगआर्मसाठी पाव इंच, म्हणजे साधारण सहा मिलिमीटर, आणि लो-शँक (फूट बसवायची दांडी आखूड असलेल्या) घरगुती मशीनसाठी एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटर. तुमचं मशीन बहुतेक लो-शँकच असेल, खात्री करून घ्या. पाव इंची पट्टी त्याच्या फूटच्या दांड्याला अडते आणि फूटखालून नीट सरकत नाही. ती तशीच रेटली तर सुईच्या स्क्रूवर आदळून सुई मोडते. स्टॉलवर सुंदर दिसणाऱ्या पट्ट्यांतल्या बऱ्याच पाव इंची असतात. 'लो-शँक, थ्री मिलिमीटर' एवढंच म्हणा, आणि त्यासोबत कडा उंच असलेला लो-शँक रूलर फूटही घ्या. साध्या डार्निंग फूटने रूलरला हात लावायचा नाही, पट्टी त्यावर चढते आणि सुईखाली येते. रोटरी कटर आणि कात्री चेक-इन सामानात.

क्विल्ट बघायला सकाळी जा, दुकानं दुपारी. स्पर्धेच्या दालनात पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक असतात. प्रेक्षकांनी कापडाला हात लावायचा नसतो, पण विनंती केली की ते कोपरा उलटून मागची बाजू दाखवतात. ही विनंती प्रत्येक आवडलेल्या क्विल्टपाशी करा. पुढून दिसणाऱ्या नक्षीपेक्षा शिकायला मिळतं ते मागे: दोरा कुठे सुरू केला आणि कुठे लपवला, दाट आणि विरळ भागांत कापड सारखं सपाट आहे की फुगलंय, बाइंडिंग (कडेची पट्टी) कोपऱ्यापर्यंत भरलेलं आहे की शेवटी पोकळ. परीक्षक हेच बघतात. फोटो काढायला मनाई असेल तिथे तशी पाटी असते.

गोधड्या विकण्याचा विचार कृपा करून सोडा. पर्यटक व्हिसावर हौशी, छोटा वर्ग करणं चालतं, माल विकणं नाही. चार गोधड्यांसाठी दहा वर्षांचा व्हिसा पणाला लावू नये. मुलीच्या मैत्रिणीला भेट द्यायला एक न्या, फार तर. गिऱ्हाईक हवं असेल तर डिसेंबरमध्ये शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते. तिथे महिला बचत गटांच्या गोधड्या असतात, लोक हात लावून, ओढून, भाव करून घेतात. ती क्विल्ट शो नाही, पण आपल्या मालाला पुण्यात काय भाव येतो हे कळायला तिच्यासारखी जागा नाही. स्टॉलसाठी अर्ज करायचा तर चौकशी काही महिने आधी सुरू करा.

स्पर्धेत पाठवायची इच्छा पत्रात नाही, पण शो बघून आल्यावर ती होईलच, म्हणून दोन ओळी. मोठ्या शोच्या प्रवेशाची मुदत कित्येक महिने आधी संपते, निवड फोटोंवर होते, आणि एक फोटो अख्ख्या क्विल्टचा तर एक जवळून घेतलेला लागतो. कुरिअरने पाठवताना कागदांवर 'प्रदर्शनासाठी, परत येणार' असं स्पष्ट लिहा आणि निर्यातीची कागदपत्रं जपून ठेवा. नाहीतर स्वतःचीच गोधडी परत घेताना कस्टमशी वाद घालावा लागतो.

त्याआधी, परदेशाची तालीम म्हणून, भारतातला पर्याय बघून ठेवा. इंडिया क्विल्ट फेस्टिव्हलची सुरुवात जानेवारी २०१९ मध्ये चेन्नईत झाली. पुढची तारीख आणि शहर जाहीर झाल्याखेरीज तिकीट काढू नका. चेन्नईला पुण्याहून थेट विमान आहे, बेंगळुरूला भरला तर उद्यान एक्स्प्रेस. तीन दिवसांचा खर्च पंचवीस-तीस हजारांत बसावा. आपल्या हवेत, आपल्या विजेवर, आपल्याकडे मिळणाऱ्या दोऱ्याने काम करणारी माणसं तिथे भेटतात. दमट हवेत सुती बॅटिंगला वास येतो तेव्हा काय करायचं हा प्रश्न ह्यूस्टनच्या वातानुकूलित वर्गात कुणाला समजणारही नाही.

तीन लाखांची वाटणी अंदाजे अशी: मुंबई–डॅलस येण्याजाण्याचं विमान एक ते दीड लाख, लवकर काढलं तर खालच्या आकड्याकडे. ह्यूस्टनमध्ये चार रात्रींचं हॉटेल करासकट ऐंशी-नव्वद हजार, इथेच सर्वांत जास्त वाचवता येतं. कन्व्हेन्शन सेंटरला खेटून राहू नका, मेट्रोरेलच्या मार्गावर थोडं लांब राहा, किंवा मुलगी येणार असेल तर खोली वाटून घ्या. दिवसभराच्या वर्गाला दीडशे-दोनशे डॉलर धरा, किट वेगळं. खाणं आणि डॅलस–ह्यूस्टन बस मिळून वीसेक हजार. उरलेल्यात रूलर, दोरा, सुया. एकूण जमतं, पण ओढून-ताणून, आणि मशीन आणायचा विचार डोक्यात राहिला तर अजिबात नाही.

जायच्या आदल्या महिन्यात तुमच्या मशीनच्या मॉडेलचा नंबर, त्याचं बॉबिन आणि सध्या बसवलेली सुई यांचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. स्टॉलवर प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारेल.